वाचकाचं बोलणं लेखकाला नेमकं कुठे लागतं?

आमच्या घराजवळच्या वाचनालयात माझ्या एकुलत्या एका कथासंग्रहाची एक प्रत आहे. आपलं पुस्तक वाचनालयाच्या कपाटात दिसलं, की लेखक काय करतो ते मी सांगतो. तो आधी इकडेतिकडे बघतो, पुस्तक हळूच बाहेर काढतो, चार पानं चाळतो आणि परत ठेवताना जरा डोळ्यांच्या उंचीवर येईल अशा फळीवर ठेवतो. मीही तेच करायला गेलो होतो. पान चौसष्टच्या समासात शिसपेन्सिलीने, बारीक वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘असं नसतं. त्या दिवशी कोणी रडलं नव्हतं. सगळ्यांनी डबे खाल्ले.’

कथा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या बंद पडणाऱ्या एका कारखान्याची होती. शेवटच्या दिवशी गेटवर कामगार एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, असा प्रसंग मी लिहिला होता आणि त्या प्रसंगावर माझा फार जीव होता. मी कारखान्यात एक दिवसही काम केलेलं नाही. पेन्सिलवाल्याने केलेलं होतं, हे तीन छोट्या वाक्यांत कळत होतं.

पहिल्यांदा कान गरम झाले. मग राग आला, तोही भलत्याच गोष्टीचा : लोक वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहितातच कसे! मग घरी येताना, तलावपाळीला वळसा घालता घालता, जे उरलं ते निराळंच होतं. तो हेवा होता. ‘सगळ्यांनी डबे खाल्ले’ हे वाक्य माझ्या अकरा कथांमधल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

पोटापाण्यासाठी मी मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासतो. वीसेक वर्षांत बऱ्याच लेखकांची पुस्तकं छापखान्यात जाताना आणि नंतर त्या लेखकांची तोंडं पाहिली आहेत. कौतुक झालं की लेखक खूश आणि टीका झाली की नाराज, असा लोकांचा सरळ हिशोब असतो. प्रत्यक्षात कौतुकाने हिरमुसलेले आणि टीकेने फुललेले लेखक मी पाहिलेत. असं का होतं, ते जरा उलगडून बघू.

सुरुवात वेळेपासून करायला हवी, कारण अर्धा घोळ तिथे आहे.

नाटक लिहिणाऱ्याचं बघा. गडकरी रंगायतनमध्ये शेवटच्या रांगेमागे उभं राहिलं, की त्याला सगळं तिथल्या तिथे कळतं. या वाक्याला हशा आला, त्या प्रवेशात लोक खोकायला लागले, मध्यंतरात बटाटावडा खाताना नाटकाबद्दल बोलतायत की पार्किंगबद्दल. दुसऱ्या प्रयोगाला तो खोकल्याचा प्रवेश कापू शकतो. पुस्तकाला अशी शेवटची रांग नसते. लेखक लिहितो, पुन्हा लिहितो, हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवतो आणि थांबतो. होकार आला, की अक्षरजुळणी, पहिलं मुद्रित, दुसरं मुद्रित, कधी तिसरं, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी. दीड-दोन वर्षं सहज जातात. तिसरं मुद्रित माझ्याकडे देताना लेखकाच्या चेहऱ्यावर बहुतेकदा एकच भाव असतो : न्या हे एकदाचं. तोवर त्या पुस्तकाचा त्याला कंटाळा आलेला असतो, आणि डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं.

आणि मग प्रतिक्रिया यायला लागतात. जो माणूस ते पुस्तक लिहीत होता, तो केव्हाच घर सोडून गेलेला असतो आणि पत्र जुन्या पत्त्यावर येतं. नवा भाडेकरू ते उघडतो, वाचतो, आणि आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून हसतो किंवा रडतो. एका कादंबरीकार बाई मला म्हणाल्या होत्या, ‘लोक माझ्याशी त्या नायिकेबद्दल बोलतात तेव्हा मला घटस्फोटानंतर सासरच्या चौकश्या केल्यासारखं वाटतं.’ त्या हसत म्हणाल्या, पण पुढच्या दोन कार्यक्रमांना गेल्या नाहीत.

पत्ता जुना असतो, हे एक. दुसरं म्हणजे पत्र ज्या पुस्तकाबद्दल असतं, ते लेखकाने लिहिलेलं पुस्तक नसतंच.

हे कोड्यासारखं वाटेल, पण आपल्याकडे यावर हजार-अकराशे वर्षांपूर्वी बारकाईने विचार झालेला आहे. काश्मीरमध्ये नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार मांडला. शब्द सांगतात त्यापलीकडचं काहीतरी सुचवलं जातं, आणि ते ज्याच्या मनात उमटतं तो सहृदय. पुढे अभिनवगुप्ताने या सहृदयाची व्याख्या केली. सतत काव्य वाचून वाचून ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय, म्हणून वर्णिलेल्या गोष्टीशी जो एकरूप होऊ शकतो, तो सहृदय. थोडक्यात, कवीने अर्धं काम करायचं, उरलेलं वाचकाच्या मनात व्हायचं. आरसा मात्र प्रत्येकाचा निराळा.

युरोपात हा मुद्दा फार उशिरा, पण मोठ्या धडाक्याने आला. १९६७मध्ये रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. म्हणजे पुस्तकाचा अर्थ लेखकाला काय म्हणायचं होतं त्यावरून ठरवायचा नाही, तो वाचकापाशी ठरतो. १९७०च्या दशकात जर्मनीत वुल्फगांग इझरने सांगितलं, की कुठल्याही कथेत मोकळ्या जागा असतात आणि वाचक त्या आपल्या अनुभवाने भरतो. ‘ती उठून खिडकीपाशी गेली’ असं मी लिहिलं, की तुम्हाला एक खिडकी दिसते. मला नौपाड्यातल्या जुन्या चाळीची, लाकडी गज असलेली दिसत होती. तुम्हाला कदाचित कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या घराची, लोखंडी ग्रिलची, कुंड्या ठेवलेली दिसेल. दोघांचंही बरोबर. पण आता तीन पुस्तकं झाली : माझ्या डोक्यातलं, कागदावरचं आणि तुमच्या डोक्यातलं. तुम्ही मला तिसऱ्याबद्दल सांगता. मी ते पहिल्याबद्दल आहे असं समजून ऐकतो. कागदावरचं बिचारं मधल्यामध्ये राहतं.

बार्थच्या सिद्धान्तात लेखक मेलेला असतो हे सोयीचं आहे. ठाण्यात तो जिवंत असतो, संध्याकाळी भाजी आणायला बाहेर पडतो आणि मंडईत त्याला वाचक भेटतो.

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये एकदा एका बाईंनी मला ओळखलं. माझा फोटो मलपृष्ठावर आहे, त्यात मला केस जास्त आहेत, तरी ओळखलं. त्यांना माझी एक कथा अतिशय आवडली होती, कारण ‘शेवटी मुलगा आईकडे परत येतो ना, ते वाचून मी रडले.’ माझ्या कथेत मुलगा परत येत नाही. दाराची कडी वाजते आणि कथा संपते. ती कडी शेजाऱ्याने वाजवली आहे, हे मी लिहिताना पक्कं ठरवलं होतं, फक्त कागदावर घातलं नव्हतं. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, मी बोललो नाही. घणसोलीला त्या म्हणाल्या, ‘माझा मुलगा तिकडे आहे, सहा वर्षं झाली.’ कडी कोणी वाजवली हे सांगायचा अधिकार आता माझ्याकडे उरला नव्हता. तुर्भ्याला त्या उतरल्या. माझी कथा त्या घेऊन गेल्या, आणि मला ते आवडलंही आणि नाहीही.

हे ‘आवडलंही आणि नाहीही’ लेखकांच्या बोलण्यात सारखं येतं. वाचकाने पुस्तक आपलंसं करावं यासाठीच तर छापलं. पण आपलंसं केलं म्हणजे त्यातलं आपलं थोडं कमी झालं. मुलीच्या लग्नात आईबापांचं जे होतं तेच, फक्त इथे मांडव नसतो आणि जावई कोण ते कळत नाही.

आता टीकेकडे. टीका जास्त का लागते, याचं एक उत्तर लेखकांशी संबंधितच नाही. माणसाचं मन वाईट गोष्ट जास्त जोरात पकडतं आणि जास्त वेळ धरून ठेवतं. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये याविषयीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि निष्कर्ष असा काढला, की नात्यांत, शिकण्यात, भावनांत, जवळजवळ सगळीकडे वाईटाचा प्रभाव चांगल्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणून वीस जणांनी ‘छान’ म्हटलेलं विसरतं आणि एकाचं ‘बरं आहे’ रात्री दोनला आठवतं. यात कमकुवत मनाचा प्रश्न नाही. कालिदासाचा सूत्रधारसुद्धा शाकुंतलाच्या सुरुवातीलाच म्हणून ठेवतो, ‘आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्’. जाणकारांचं समाधान होईपर्यंत आमचं काम चांगलं झालं असं मी मानत नाही. आणि पुढची ओळ तर अधिकच मोकळी आहे : कितीही चांगलं शिकलेल्यांचं मन स्वतःबद्दल साशंकच असतं. पडदा वर जायच्या आधी कालिदासाच्या पोटात गोळा आलेला आहे. मग आमची काय कथा!

पण सगळी टीका सारखी लागत नाही. चुकीची टीका लागते आणि निघून जाते. एका मासिकातल्या परीक्षणात माझ्या नायकाचं नावच चुकीचं छापलं होतं. त्यावर मी चार दिवस मित्रांना फोन करून हसलो, म्हणजे चिडलोच होतो, पण पाचव्या दिवशी विसरलो. बरोबर असलेली टीका वेगळी. लिहिताना कुठेतरी आपल्याला ठाऊक असतं, की इथे आपण ढील दिली आहे, हा प्रसंग पाहिलेला नाही, सिनेमातून उचललाय. तो खिळा आपण रंग लावून झाकलेला असतो. कोणीतरी येतो आणि शंभर पानांमधून नेमका त्याच खिळ्यावर बोट ठेवतो. तेव्हा जो राग येतो तो पकडला गेल्याचा असतो. पेन्सिलवाल्याने माझं तेच केलं. गेटवरचं रडणं मी कुठून आणलं होतं, ते मला लिहितानाही माहीत होतं.

लेखक फार जोरात खुलासा करायला लागला, की मुद्रितशोधक म्हणून मी ते पान पुन्हा उघडून बघतो. बहुतेकदा खिळा तिथेच असतो.

कौतुकाचं प्रकरण वरवर सोपं दिसतं, आणि आहेच बरंचसं सोपं. छान वाटतं, दिवस बरा जातो, रस्त्यातल्या खड्ड्यांचाही राग येत नाही. पण काही कौतुकं ऐकताना लेखकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘मुखपृष्ठ फार सुंदर आहे हो.’ (ते चित्रकाराने केलेलं असतं.) ‘एका बैठकीत संपवलं.’ (लिहायला चार वर्षं लागलेली असतात.) ‘तुमच्या आधीच्या पुस्तकासारखं नाही, पण चांगलं आहे.’ ‘वाचायचंय, भेट द्या की एक प्रत.’ आणि सगळ्यांत भारी, ‘मला माहितीये हे कोणावर आहे.’

त्या शेवटच्या वाक्यावर एक निराळा लेख होईल. माझ्या संग्रहात एका सोसायटीच्या सेक्रेटरीची विनोदी कथा आहे. ती मी पूर्ण कल्पनेने लिहिली. पुस्तक आल्यावर आमच्या इमारतीत तीन गट पडले. एका गटाच्या मते तो सेक्रेटरी म्हणजे आमचे आत्ताचे सेक्रेटरी, दुसऱ्याच्या मते मागचे. तिसरा गट म्हणजे स्वतः आत्ताचे सेक्रेटरी. त्यांना ती कथा फार आवडली आणि ती मागच्या सेक्रेटरींवर आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पाणी सोडण्याच्या वेळा या काळात दोनदा बदलल्या, त्याचा माझ्या कथेशी संबंध नसावा. घरच्यांचं तर विचारूच नका. लेखकाची आई, बायको, नवरा, भाऊ पुस्तक वाचत नाहीत, ते त्यात स्वतःला शोधत असतात. सापडले तर पंचाईत, नाही सापडले तर अधिक पंचाईत.

मराठीत प्रतिक्रियेची एक खास आपली रीत आहे, ती सांगायलाच हवी. दिवाळी अंकांत बरेचदा कथेच्या शेवटी लेखकाचा फोन नंबर छापतात. लक्ष्मीपूजन आटोपलं, की पुढचे दोनेक महिने दुपारच्या वेळी अनोळखी नंबरांवरून फोन येतात. ‘मी सांगली जिल्ह्यातनं बोलतोय, मास्तर होतो, निवृत्त झालो. तुमची कथा वाचली.’ मग मोठी शांतता. त्या शांततेत लेखकाचं काळीज कुठे असतं ते लेखकालाच माहीत. पलीकडचा माणूस समीक्षेचे शब्द वापरत नाही. तो म्हणतो, ‘आमच्या थोरल्या भावाचं असंच झालं.’ आणि वीस मिनिटं भावाबद्दल बोलतो. कथेबद्दल त्याने एकही वाक्य उच्चारलेलं नसतं, तरी कथा पोचल्याची याहून पक्की पावती दुसरी नाही. ज्ञानेश्वरीत ‘ये हृदयींचें ते हृदयीं घातलें’ असं म्हटलंय, ते कृष्णार्जुनांबद्दल आहे, पण दुपारी अडीच वाजता फोन ठेवताना मला तेच आठवतं.

आधी हे काम पोस्टकार्डं आणि अंतर्देशीय पत्रं करायची. माणसांत मिसळणं टाळणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून पत्रं मात्र भरभरून लिहीत. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले, इतकी. समोरासमोर भेटणारा वाचक नको, पत्रातला हवा, ही निवड मला फार समजते. पत्र उघडायचं की नाही, केव्हा उघडायचं, हे आपल्या हातात असतं. मंडईतला वाचक समोर उभाच असतो.

कधीकधी वाचक रागाच्याही पुढे जातात. १८९३ साली, म्हणजे वि. ल. भाव्यांनी ज्या वर्षी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं त्याच वर्षी, तिकडे आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून दिलं. डॉयलला होम्सचा वीट आला होता. आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी ओळखलं जावं अशी त्याची इच्छा होती. वाचक खवळले, कित्येकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. एका बाईंच्या पत्राची सुरुवातच शिवीने होती, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. दहा वर्षांनी, १९०३मध्ये, होम्सला जिवंत करावं लागलं. वाचकांचं प्रेम होतं, पण ते ज्याच्यावर होतं तो लेखक नव्हता. स्वतःच निर्माण केलेल्या माणसाचा असा मत्सर करण्याची पाळी दुसऱ्या कुठल्या धंद्यात येत असेल?

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीचं उदाहरण उदास करणारं आहे. १८९५च्या त्याच्या कादंबरीवर इतका गदारोळ झाला, की एका बिशपने ती आगीत टाकल्याचं जाहीर केलं. हार्डी त्यानंतर १९२८पर्यंत जगला, कविता लिहीत राहिला, नवीन कादंबरी त्याने लिहिली नाही. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२च्या दिवाळी अंकात आली, ती अश्लील असल्याची तक्रार झाली, खटला चालला आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. एका कथेची प्रतिक्रिया सात वर्षं. तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन यांनी तर एका कादंबरीला झालेल्या विरोधानंतर जानेवारी २०१५मध्ये आपल्यातला लेखक मेला असं जाहीर करून टाकलं. २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि शेवटी त्यांना लिहिण्याचं आवाहन केलं. ते लिहायला लागले. न्यायालयाने लेखकाला ‘लिहा’ म्हणावं, हे वाचून मला आनंद झाला होता आणि पाठोपाठ, हे न्यायालयाला सांगावं लागलं याची लाजही वाटली होती.

अशी वादळं फार थोड्यांच्या वाट्याला येतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ती शांतता. तिच्याबद्दल लेखक सगळ्यांत कमी बोलतात, कारण बोलायचं तर कबूल करावं लागतं.

हिशोब मांडून दाखवतो. मराठीत ललित पुस्तकाची एक आवृत्ती साधारण हजार प्रतींची धरतात, हल्ली कित्येकदा त्याहून कमी. पुस्तक दोनशे रुपयांचं आणि मानधन दहा टक्के धरलं, तर एका प्रतीमागे वीस रुपये. हजार प्रती खपल्या तर वीस हजार, तेही दोन-तीन वर्षांत, खपल्या तर. म्हणजे लेखक का लिहितो, याचं उत्तर पैसा हे नव्हे. त्या हजारातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांत जातात, एकेक प्रत पंधरा-वीस माणसं वाचू शकतात, आणि त्यातला एकही लेखकाला काही कळवत नाही. का कळवावं? आपण चांगली भाकरी खाल्ली म्हणून ज्वारी पिकवणाऱ्याला फोन करतो का? वाचक वाचतो, सुस्कारा टाकतो, दिवा मालवतो. त्याच्या बाजूने व्यवहार पूर्ण झाला. लेखकाच्या बाजूने विहिरीत दगड टाकला आहे आणि डुबुक असा आवाज अजून आलेला नाही.

आठव्या शतकातल्या भवभूतीलाही तो आवाज आलेला नसावा. मालतीमाधव या आपल्या नाटकाच्या सुरुवातीला तो म्हणतो, आमची अवज्ञा करणाऱ्यांना काय कळतं ते त्यांनाच ठाऊक, हा खटाटोप त्यांच्यासाठी नाहीच. ‘उत्पत्स्यते मम तु कोऽपि समानधर्मा, कालो ह्ययं निरवधिर्विपुला च पृथ्वी’. माझ्यासारखा कोणीतरी कधीतरी जन्माला येईल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. शाळेत हा श्लोक आत्मविश्वासाचा नमुना म्हणून शिकवला होता. आता वाचताना मला त्यात दुखावलेला माणूस दिसतो. आतून खरंच काही वाटलं नसतं, तर त्याने नाटकाच्या तोंडावर हे सांगितलं नसतं.

तर मग लेखक करतात काय? पुष्कळ जण वाचतच नाहीत. निदान तसं सांगतात. एक ज्येष्ठ कवी आपली परीक्षणं बायकोला वाचायला देत, आणि ती फक्त ‘वाचा’ किंवा ‘नका वाचू’ एवढंच म्हणे. एक बाई पुढच्या पुस्तकाचा पहिला खर्डा हातावेगळा झाल्याशिवाय आधीच्या पुस्तकाचा एकही अभिप्राय उघडत नाहीत, आणि मला हा उपाय सगळ्यांत शहाणा वाटतो. त्यात जुन्या पत्त्यावरचं पत्र जुनं म्हणूनच वाचता येतं. ऑनलाइन दुकानांतल्या ताऱ्यांकडे मात्र बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी पाच दिले, कोणी पॅकिंग फाटलेलं आलं म्हणून एक दिला, आणि त्याची सरासरी पुस्तकाच्या कपाळावर चिकटवली. त्यातून ना वाचक कळतो ना पुस्तक.

मला स्वतःला वाचनालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद आवडतो. आमच्या वाचनालयात अजून आहे. त्यावर मत नसतं. कोणीतरी अमुक तारखेला घरी नेलं, एवढंच असतं. माझ्या पुस्तकावर त्या दिवशी नऊ तारखा होत्या. त्यातली एक पेन्सिलवाल्याची. कुठली, ते कळायला मार्ग नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. पान चौसष्ट उघडलं. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, तशी पाटीच देवघेवीच्या टेबलामागे लावलेली आहे. मी खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच्या तीन वाक्यांखाली, शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘डब्यात काय होतं?’

याला आता पाच महिने झाले. मधूनमधून जाऊन बघतो. उत्तर आलेलं नाही. मागच्या शनिवारी कागदावर दोन नव्या तारखा होत्या.